थपडेचा भाग

१

"थोरली येणार नाही म्हणतेय," लेखक दारातूनच म्हणाला. "काल तिला फोन आला होता. करणारं माणूस तुमच्यापैकीच कुणीतरी आहे."

खोलीतल्या चौघांनी टीव्हीवरची नजर काढली. मालिका सुरू व्हायला अवकाश होता, जाहिराती चालल्या होत्या, तरी नजर तिकडेच असायची.

"आमच्यापैकी?" मास्तर म्हणाले. "अहो, या मालिकेसाठी आम्ही इथे जीव टाकतो."

"तिचा नंबर मी फक्त या खोलीत सांगितला होता, मास्तर. मोठ्याने, बेबीताईंना टिपून घेता यावा म्हणून. आणि फोन करणारं माणूस म्हणालं, आमच्या घरी सगळे मिळून बघतात, आम्हाला तुम्ही नको आहात."

बेबीच्या हातातला रिमोट खाली पडला.

'दोन जिने' ही मालिका या खोलीत पहिल्या भागापासून पाहिली जात होती. एक घर, दोन जावा आणि घराला दोन जिने. थोरली एका जिन्याने वर जायची, धाकटी दुसऱ्याने, आणि मधल्या दिवाणखान्यात दोघी समोरासमोर आल्या की बघणाऱ्यांचे श्वास अडकायचे. मग थोरलीचं काम करणाऱ्या नटीने मालिका सोडली. थोरली मेली, तिचा जिना बंद झाला आणि तिथून उतरती कळा लागली. दोघांची स्मृती गेली, एकाचा चेहरा बदलला. परदेशातून एक जुळा भाऊ आला आणि तो कुणाचा जुळा हे सांगायचं राहूनच गेलं. एक काका औषध आणायला म्हणून वर गेले ते आजवर खाली आले नव्हते. शेवटी वाहिनीने मालिका गुंडाळायचं ठरवलं, तेव्हा निर्मात्याने लेखकाला जुन्या प्रेक्षकांकडे पिटाळलं. ही बया कशाने जगेल ते त्यांनाच विचार, म्हणाला.

लेखकाने विचारलं आणि चौघांनी चार औषधं सांगितली. शिंपीणबाई म्हणाली, बायकांना घरातले कपडे घाला, सगळ्या लग्नाला निघाल्यासारख्या झोपतात. मास्तर म्हणाले, सन्मानाने संपवा. ताईने सविस्तर योजना मांडली: मालिकेत जळालेल्या कापडाच्या दुकानाच्या विम्याचं पुढे काय झालं, याचा छडा लावा. लेखक "विचार करू" म्हणाला. हे दोन शब्द ताईने विमा कंपनीत दावे तपासताना स्वतःच इतक्या लोकांना ऐकवले होते की त्यांचा अर्थ तिला कुणी सांगायला नको होता.

मग ताईची धाकटी बहीण बेबी म्हणाली, थोरलीला परत आणा, पण दाखवू नका. बंद जिन्यावरून फक्त तिचा आवाज येऊ द्या, आणि तो फक्त धाकटीला ऐकू जाऊ द्या.

निर्माता म्हणे खुर्चीतून उठला. वाहिनीनेही मान डोलावली. किती वर्षं घरी बसलेली ती नटी हो म्हणाली. शेवटच्या नामावलीत 'कल्पना' या शब्दापुढे बेबीचं नाव येणार असं ठरलं, आणि तेव्हापासून ताईच्या पोटात काहीतरी टोचत होतं.

म्हणून लेखकाची बातमी ऐकताच तिला आधी बरं वाटलं. मग स्वतःची लाज वाटली आणि लगेच ती तपासाला लागली. जळकं दुकान पाहून आग लागली की लावली, हे सांगण्यात तिची हयात गेली होती.

"ती आलीच नाही तर?" तिने विचारलं.

"उद्या संध्याकाळी वाहिनीला कळवायचंय. ती नसेल तर मालिका बंद."

मालिका बंद झाली तर या खोलीत पुन्हा जमायला निमित्त काय, हे कुणाला सुचत नव्हतं. ताई याच घरात, भावाच्या घरी राहायची. भाऊ वर्षातले बरेच महिने जहाजावर. संध्याकाळी ही माणसं यायची, म्हणून घराला घरपण होतं.

तेवढ्यात भावाची बायको चहा घेऊन आली. तिला सगळेच वहिनी म्हणत. तिने पेले वाटले, सुरू झालेल्या मालिकेकडे क्षणभर कान दिला आणि म्हणाली, "तो खोकणारा सासरा येत नाही का हल्ली?"

"मेला तो, वहिनी. कधीच," बेबी म्हणाली.

"अगं बाई. तरीच." ट्रे घेऊन ती आत गेली.

लेखक निघाला तशी ताई त्याच्यासोबत खालपर्यंत गेली. "फोनवर नक्की काय बोललं ते माणूस? शब्द न शब्द सांगा. तिथे सगळ्यांसमोर तुम्ही गिळलंत काहीतरी."

लेखकाने वर पाहून खात्री केली. "आवाज दाबलेला होता. बाई की पुरुष, तिला कळलं नाही. म्हणालं, 'तुम्ही त्या एवढ्याशा लेकराच्या कानशिलात लगावलीत, त्या दिवशीच आमच्या मनातून उतरलात. मेलात ते बरं झालं.'"

ताई थबकली. "लेकराच्या?"

"हो ना! बाकी शिव्या तिने सहन केल्या असत्या. पण तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते. म्हणते, इतक्या जुन्या प्रेक्षकांच्या लक्षात ते असं उलटं राहिलं असेल, तर मी काय केलं तिथे? कशाला परत येऊ?"

त्या भागाला सगळे 'थपडेचा भाग' म्हणत, आणि एवढं म्हटलं की पुढे कुणाला काही सांगावं लागत नसे. पण थोरलीने आपल्या लहानग्या मुलावर हात उगारला होता फक्त. थप्पड तिने स्वतःच्या गालात मारून घेतली होती.

ज्याने तो भाग पाहिला, त्याच्याकडून ही चूक होणं शक्य नव्हतं. आणि त्या दिवशी चौघंही खोलीत होते.

२

चौघांपैकी एकाने पाहिल्यासारखं केलं, पण पाहिलं नाही. रात्रभर विचार करून ताई सकाळी शिंपीणबाईच्या दुकानात गेली ती एवढंच मनाशी धरून. शिंपीणबाई खालच्या मजल्यावर राहायची. वर येताना रोज काहीतरी शिवायला आणायची आणि खिडकीच्या उजेडासाठी टीव्हीकडे पाठ करून बसायची. कान मालिकेत, डोळे सुईत.

"या, इन्स्पेक्टर," शिंपीणबाई मशीन न थांबवता म्हणाली. "माझ्यावरच संशय असणार. मी कपड्यांचं बोलले तर सगळे फिदीफिदी हसलात."

"मी नाही हसले."

"तुम्ही सगळ्यात आधी हसलात. असो. बेबीचं नाव येणार म्हटल्यावर माझा जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? रात्री एका ब्लाउजला दोन उजव्या बाह्या लावल्या."

"पण फोन?"

"तिला कशाला फोन करू मी? करायचाच तर निर्मात्याला केला असता. त्या धाकटीच्या पदराला झालर लावली आहे ना, त्यावरून."

ताईने दुसरीकडे बघत विचारलं, "तुला थपडेचा भाग आठवतो का गं?"

मशीन थांबलं. "वा, तो कसा विसरेन! मुलावर हात उचलला, आणि तसाच फिरवून फाडकन स्वतःच्या गालात." तिने डावा हात उचलून आपल्या डाव्या गालापर्यंत नेऊन दाखवला. "अस्सा. डाव्या हाताने."

ताईच्या कपाळाला आठी पडली. थोरली उजव्या हाताची होती. ती थप्पड उजव्या हाताची होती, हे ताई शपथेवर सांगू शकली असती.

म्हणजे शिंपीणबाईने ते पाहिलं नव्हतं. कुठून तरी ऐकलं होतं, आणि आता जुळवून सांगत होती.

३

पण दावा एका पुराव्यावर निकालात काढायचा नाही, ही ताईची जुनी शिस्त होती. ती वर आली आणि कधी बसली नव्हती तिथे, खिडकीजवळच्या शिंपीणबाईच्या स्टुलावर, टीव्हीकडे पाठ करून बसली.

समोर कपाट होतं. कपाटाला उभा आरसा होता. आरशात अख्खा टीव्ही होता, उलटा. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे.

ताईला हसू आलं. शिंपीणबाईने सगळी मालिका आरशात पाहिली होती. कुणाकडून ऐकून सांगितलं असतं तर हात बरोबर सांगितला असता. हात चुकला, म्हणजे डोळ्यांनी पाहिलं होतं.

उरले मास्तर. ते आरामखुर्चीत मान मागे टाकून, डोळे मिटून मालिका बघायचे. घोरले की बेबी त्यांना कोपराने ढोसायची.

मास्तर समोरच्या घरात राहायचे. ताई गेली तेव्हा ते कुंड्यांना पाणी घालत होते.

"मालिका संपवा म्हणणारे तुम्ही एकटे," ताई म्हणाली. "फोनने तेच साधलं."

"संपवा म्हटलं, मुडदा पाडा नाही म्हटलं." मास्तरांनी झारी खाली ठेवली. "आणि ताई, मी फोन केला असता तर स्वतःचं नाव सांगून, शाळेचं नाव सांगून, अर्धा तास बोललो असतो. मला आवाज दाबून बोलता येतं का? विचारा माझ्या विद्यार्थ्यांना. शेजारच्या वर्गालाही भूगोल माझाच ऐकू यायचा."

"बेबीचा हेवा नाही वाटला?"

मास्तर कुंडीतली वाळलेली पानं काढू लागले. "चाळीस वर्षं पोरांना शिकवलं. एकाच्याही पुस्तकावर माझं नाव नाही. त्या बेबीचं नाव टीव्हीवर येणार. वाटणार नाही का?"

"थपडेचा भाग चालू असताना तुम्ही जागे होतात?"

"तो भाग?" मास्तरांचा आवाज उतरला. "थप्पड नाही लक्षात राहिली एवढी. नंतरचं राहिलं. थोरली खाली बसते, आणि ते पोर काही न बोलता पुढे येतं, तिच्या लाल झालेल्या गालावर आपला हात ठेवतं. मला तेव्हा आमची ही आठवली. मी चष्मा पुसायला आत गेलो होतो, तुम्ही पाहिलं असेल."

त्या क्षणाला मालिकेत शब्द नव्हता, संगीतही नव्हतं. डोळे उघडे असल्याशिवाय तो कुणाला कळला नसता.

म्हणजे मास्तरही सुटले. ताई रस्ता ओलांडताना मनातल्या मनात गणित मांडू लागली, आणि मध्येच उभी राहिली. एका सायकलवाल्याने तिला शिवी दिली. ती तिने ऐकलीही नाही.

उरली होती फक्त बेबी. आणि बेबीने आपल्याच पायावर धोंडा कशाला पाडून घ्यावा?

४

बेबीचं घर गल्लीच्या टोकाला होतं. ती डोळे सुजवून बसली होती.

"तू खूश असशील," तिने दार उघडताच सुनावलं. "लहानपणापासून माझं काही चांगलं झालं की तुझं डोकं दुखतं."

"दुखतं," ताई म्हणाली. "तरी आलेय. थपडेचा भाग सांग."

"काय?"

"सांग तर."

बेबीला सांगता येत नसे, करूनच दाखवावं लागे. ती उठली, उजवा हात उगारला, ओठ थरथरवले, मग सटकन आपल्याच गालावर आणला. गाल खरंच लाल झाला. बेबी टीव्हीच्या पुढ्यात जमिनीवर बसायची, पडद्याला नाक लावून. तिच्या नजरेतून नटाची भुवईसुद्धा सुटत नसे.

"बरं, आता सांग, तुला ती कल्पना सुचली कशी?"

"सुचली," बेबी म्हणाली.

"कधी?"

"असंच. भांडी पुसताना."

ताई गप्प राहिली. दावे तपासताना ती हेच करायची. माणसं गप्प बसणाऱ्यासमोर जास्त बोलतात.

"काय बघतेस अशी? माणसाला काही सुचू नये का? नेहमी तूच हुशार?"

"तुझ्या घरी भांडी पुसतो तुझा नवरा," ताई म्हणाली.

बेबीने कानातलं चाचपलं.

"आणि दुसरं. तू आजवर मालिकेला काय काय सुचवलंस? मधल्या दिराच्या मिशा काढा. धाकटीला कुरळे केस द्या. तो डॉक्टर बदला, त्याची हनुवटी बरी नाही. बेबी, तुझ्या प्रत्येक कल्पनेत चेहरा असतो. आणि ही एवढी मोठी कल्पना आली, तिच्यात चेहराच नाही?"

बेबी रडायला लागली. ते रडणं ताईला ओळखीचं होतं. लहानपणी दुसऱ्याची रिबीन आपली म्हणून सांगताना ती असंच रडायची.

ताईने तिला रडू दिलं. तिच्यापुढे आता दोन वस्तू होत्या: थपडेची चूक, आणि जिन्यावरचा आवाज. दोन्हींमध्ये तेच एक उणं होतं. दोन्हींत चित्र नव्हतं. फोन आणि कल्पना एकाच डोक्यातून आले होते, आणि त्या डोक्याने ही मालिका कधी पाहिलीच नव्हती.

नंबर मोठ्याने सांगितला तेव्हा खोलीत चौघं होते, असं ताई कालपासून धरून चालली होती.

५

संध्याकाळी सगळे जमले. लेखकही आला. मालिकेचं शीर्षकसंगीत सुरू झालं तेव्हा ताई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मालिका चालू असताना ती तिथे कधीच गेली नव्हती.

वहिनी भाजी चिरत होती. चहाचं आधण ठेवलं होतं. "ताई, इकडे कुठे? सुरू झालं ना."

"इथून ऐकू येतं?"

"सगळं. भिंतीला लागूनच तर आहे टीव्ही."

ताईने कान दिला. दार वाजलं, कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या, एक पुरुष बोलायला लागला.

"मधला दीर," वहिनी म्हणाली. "थापा मारतोय. थापा मारताना त्याचा आवाज नाकात जातो."

ताई त्या दिराला वर्षानुवर्षं बघत आली होती. तिला हे ठाऊक नव्हतं.

"दुपारी पुन्हा दाखवतात, तेव्हाही नाही बघत तू?"

"दुपारी मी दवाखान्यात कामावर असते, ताई. विसरलात?"

"थपडेचा भाग लक्षात आहे?"

सुरी थांबली. "न असायला काय झालं! एवढंसं पोर. त्याचा काय गुन्हा? फाडकन लगावली हो त्या बाईने. आणि कसं कळवळून ओरडलं ते, 'आई, नको!' मला तर घास गेला नाही त्या दिवशी."

"तिने पोराला नाही मारलं, वहिनी. स्वतःच्या गालात मारून घेतली. ते बघून पोर ओरडलं."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. आधण उकळून वर आलं, तिचं लक्ष नव्हतं. ताईने गॅस बंद केला.

"फोन तू केलास."

"हो." वहिनीने हात पदराला पुसले. "बेबीवन्सं त्या दिवशी भांडी पुसू लागायला आल्या होत्या. मी आपलं बोलून गेले, थोरली मेली असं मला वाटतच नाही. वरच्या मजल्यावर असेल, मारेल हाक एखाद दिवशी. त्या हसल्या. मग लेखक आले, आणि भिंतीतून मला माझंच वाक्य ऐकू आलं, बेबीवन्संच्या तोंडून. तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यात. मी चहा गाळत होते."

"तेव्हाच का नाही बोललीस?"

"कुणाला, तुम्हाला? तुम्ही म्हणाला असतात, वहिनी, तू कुठे बघतेस?"

ताई अगदी तसंच म्हणाली असती.

"लेखकांनी प्रत्येकाला विचारलं. मी ट्रे घेऊन उभी होते. ते माझ्याकडे वळले, मला वाटलं, आता मला विचारणार. म्हणाले, साखर कमी घाला."

"पण मग बेबीशी भांडायचंस. त्या बाईने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"बेबीवन्संशी भांडून मला या घरात राहायचंय का? त्या बाईशी भांडायला काय जातं, ती कुठे समोर आहे? तिचा राग तर होताच, पोराला मारलं म्हणून. म्हटलं, ती नाही आली तर बेबीवन्संचं नावही नाही येणार." ती थांबली. "आणि तिने मारलंच नव्हतं म्हणता."

दारात बेबी उभी होती. तिच्यामागे लेखक, मास्तर आणि शिंपीणबाई. टीव्ही तिकडे एकटाच बोलत होता.

"वहिनी, शपथ घेऊन सांगते," बेबी म्हणाली, "तुझं नाव घ्यायचं राहून गेलं."

"राहून गेलं की ठेवून दिलं?"

बेबीने मान खाली घातली.

लेखक म्हणाला, "वहिनी, तासाभरात मला उत्तर द्यायचंय. तुम्ही बोलाल का तिच्याशी?"

"तो नंबर मला पाठ आहे," वहिनी म्हणाली. "एकदाच ऐकला, पण पाठ झाला." ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

बाकीचे स्वयंपाकघरात उभे राहिले. मास्तरांनी न सांगता जाऊन टीव्ही बंद केला. आतून फक्त वहिनीचा आवाज येत होता, तोही तुटक.

"बाई, परवा फोन केला होता ती मी... नाही, ठेवू नका... मी तुम्हाला कधी पाहिलंच नाही हो. एकदाही नाही. ऐकलंय फक्त... पोराला मारलं असंच वाटलं, हो, इतकी वर्षं... आजच कळलं..."

शिंपीणबाईने दाराला कान लावला. मास्तरांनी तिला नजरेने दटावलं, आणि मग स्वतःही दोन पावलं पुढे सरकले.

दार उघडलं. वहिनीचे डोळे ओले होते.

"काय म्हणाल्या?" लेखकाने विचारलं.

"येते म्हणाल्या. आधी रडल्या. म्हणाल्या, तोंड न बघता नुसत्या आवाजावर कुणाला माझा इतका राग आला असेल, तर आवाजापुरतं यायला हरकत नाही."

लेखकाने भिंतीला टेकून डोळे मिटले. मग खिशातून फोन काढत तो जिन्याकडे धावला.

"आणि नाव?" बेबीने हळूच विचारलं. "नावाचं काही?"

"त्यांनी विचारलं, कल्पना कुणाची. मी म्हटलं, माझी."

बेबीचा चेहरा आक्रसला. शिंपीणबाई मास्तरांकडे बघून समाधानाने हसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की नाव अजूनही आपलं नाहीच, तसं हसू ओसरलं. मास्तर म्हणाले, "छान, छान," आणि खाकरले. ताई या तिघांचे चेहरे नीट निरखत राहिली, कारण त्या निमित्ताने स्वतःच्या पोटाकडे लक्ष जात नव्हतं.

पण शेवटी तिला राहवलं नाही.

"वहिनी," ती म्हणाली, "हे सगळं शोधून कुणी काढलं, असं काही विचारलं का गं त्यांनी?"

वहिनीने क्षणभर आठवून पाहिलं.

"नाही हो, ताई," ती म्हणाली. "तुमचं तर नावसुद्धा निघालं नाही."